घोड्यावर सामान लादून डोंगरात जायचंय, सुरुवात कुठून करू?

रिकीब

नमस्कार मंडळी,

रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहतो. दोन घोडे आहेत. एक स्वारीची घोडी, तिच्यावर बसून दिवसभराच्या वाटा बऱ्याच झाल्यात, त्यामुळे बसण्याबद्दल काही विचारायचं नाही. दुसरा आख्ता (खच्ची केलेला) घोडा, वय १४, पट्टीने मोजून वजन ४५० किलोच्या आसपास. स्वभावाने गरीब. हल्ली त्याच्यावर कोणी बसत नाही, नुसता खातो आणि कुंपणाला अंग घासतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि एक मित्र (तो त्याच्या घोड्यावर) तीन रात्रींसाठी आत जायचं म्हणतोय. आत म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथून पुढे. दोघांचं सामान या आख्त्यावर. लादणीचं काम मी कधीही केलेलं नाही. सध्या डायमंड हिचचे (ओझं आवळायची एक दोरबांधणी) व्हिडिओ बघून सोफ्याच्या हाताला दोर बांधायचा सराव चालू आहे. बायको म्हणते, सोफा आता कुठेही पळून जाणार नाही. पण दर व्हिडिओत तो हिच वेगळाच दिसतो आणि माझा प्रत्येक वेळी ढिला पडतो.

तर जाणकारांनी सांगावं: डायमंड आल्याशिवाय निघूच नये का? पालाण (ओझ्याचं खोगीर) कुठलं घ्यावं, लाकडी फुल्यांचं सॉबक की लोखंडी कड्यांचं डेकर? एका घोड्यावर दोघांचं सामान मावेल का? आणि रात्री घोडे बांधायचे कसे? प्रश्न बाळबोध असतील तर सांभाळून घ्या.

तंग_तोबरा

रिकीबराव, आधी सोफा सोडा.

गाठ हा या कामातला सगळ्यात दिसणारा भाग, म्हणून जो तो तिथेच जाऊन बसतो. माझ्या मते गाठ शेवटी शिकायची. आधी वजन, मग पाठ, मग घोड्याची सवय, आणि हे सगळं जमलं की दोर. मोंटानात बरेच उन्हाळे मी लादणीच्या घोड्यांमागे काढलेत. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याच्या हातात दोर न देता ताणकाटा (टांगून वजन करायचा काटा) द्यायचो. पोरांचं तोंड पडायचं, पण चार दिवसांत कळायचं कशासाठी ते.

वजनाचा हिशेब तुमच्याच घोड्यावर करू. स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत घोड्याने वाहावं असा ढोबळ दंडक आहे, आणि त्यात पालाणही धरायचं. ४५० किलोला झाले ९०. पण हे स्वाराचं गणित आहे. माणूस चढाला पुढे झुकतो, उताराला मागे रेलतो, घोडा ठेचकाळला तर तोल सावरतो. पेटी यातलं काही करत नाही, सकाळी टांगली तशी संध्याकाळपर्यंत लोंबते. त्यामुळे तेच वजन घोड्याला जड जातं, आणि ९० ही तुमची हद्द आहे, तिथवर पोचायचंच असं नाही. पालाण, खालची जाड गादी, दोन पॅनियर (दोन्ही बाजूंना टांगायच्या पेट्या किंवा थैल्या), ताडपत्री, दोर, पट्टे हेच २०-२५ किलो होतं. हद्दीच्या जरा आत राहिलं तर खऱ्या सामानाला उरले ६० ते ६५.

आता सामान. दोघांचं चार दिवसांचं खाणं, कोरडं नेलंत तर आठ-नऊ किलो. तंबू, अंथरुणं, चूल, भांडी, गरम कपडे यांचे २५ धरा, काटकसरीने. करवत, कुऱ्हाड, नालाचं सामान, औषधपेटी, दावणीचा दोर यांचे आणखी दहा. उरले वीस. तेव्हा मावेल का, तर हो, खोगीरभरती केली नाहीत तर. घडीच्या खुर्च्या आणि बिडाचा तवा घरी.

पण तुम्ही एक गोष्ट विचारलीच नाहीत: घोडे काय खाणार? ४५० किलोचा घोडा दिवसाला साधारण वजनाच्या दोन टक्के चारा खातो, म्हणजे नऊ किलो. तीन घोडे, चार दिवस: १०८ किलो. तुमच्या लादणीच्या घोड्याचं पूर्ण ओझं चाऱ्याचंच झालं, तरी पुरणार नाही. म्हणून मुक्काम ठरवताना नकाशावर नुसतं पाणी बघू नका, कुरण बघा, आणि तिथे चारायला परवानगी आहे का ते आधी विचारा. काही ठिकाणी ठरावीक तारखेपर्यंत कुरणं बंद असतात, जमीन ओली असते म्हणून. उरलेल्या वीस किलोत चाऱ्याच्या गोळ्या घ्या. रोज संध्याकाळी मूठमूठ गोळ्या तोबऱ्यात टाकल्यात की सकाळी घोडा हाकेला येतो, हा त्यांचा मुख्य उपयोग.

वजन कमी केलंत तरी ते समान नसेल तर सगळं पाण्यात. दोन्ही पॅनियर काट्याला टांगून तोला. अर्धा किलोपेक्षा जास्त फरक मी चालू देत नाही. फरक राहिला की पालाण हळूहळू जड बाजूला ओढलं जातं, तंग (पोटाखालचा पट्टा) पोटावर तिरका होतो, खांद्याच्या उंचवट्याच्या एका बाजूला सारखा दाब बसतो आणि दोन तासांत तिथे सूज. हाताने उचलून "सारखंच वाटतंय" म्हणणारे खूप भेटतात. काटा घ्या. आणि हे रोज सकाळी करायचं, कारण काल रात्री तुम्ही एकाच पॅनियरमधलं जेवलात. वाटेत फरक जाणवला तर हलक्या बाजूला एक दगड टाका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

भरताना जड वस्तू तळाशी आणि घोड्याच्या अंगाकडे. मात्र बरगड्यांना लागून आधी मऊ थर हवा, कपडे किंवा अंथरूण, म्हणजे डब्याचा कोपरा टोचणार नाही. इंधनाची बाटली खाण्याच्या पॅनियरमध्ये अजिबात नको. आणि भरून झालं की पॅनियर उचलून जोरात हलवा. आवाज आला तर परत काढा, परत भरा. भांड्यात चमचा खुळखुळतो एवढ्यावर चांगला शहाणा घोडा उधळताना मी पाहिलाय, आणि उधळला की आवाज वाढतो, आवाज वाढला की आणखी उधळतो.

पालाणाचं उत्तर थोडक्यात: तुमच्या घोड्याच्या पाठीला बसेल ते. खालच्या दोन फळ्या पाठीला सगळीकडे सारख्या टेकल्या पाहिजेत, खांद्याच्या हाडाच्या मागे, आणि कण्यावर काहीही टेकता कामा नये. खरी परीक्षा घाम देतो. तासभर चालवून पालाण उतरवा. घामाने सगळं ओलं आणि मध्येच एक कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे, पालाण तिथे टोचतंय. ते पालाण कितीही देखणं असो, परत करा.

छातीपट्टा आणि मागच्या मांड्यांमागून जाणारा ब्रिचिंगचा पट्टा, हे दोन्ही हवेतच. चढाला पहिला पालाणाला मागे सरकू देत नाही, उताराला दुसरा पुढे येऊ देत नाही. सपाटीवर दोन्हींच्या आत तळहात सरळ जावा इतके सैल. स्वारीच्या घोड्याला नुसत्या तंगावर भागतं, ओझ्याच्या घोड्याला भागत नाही. तंग एकदम आवळू नका. थोडा आवळा, घोडा चार पावलं फिरवा, पुन्हा आवळा. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून परत बघा. गादी दबलेली असते, घोड्याने पोट सोडलेलं असतं, तंग हमखास ढिला सापडतो. सगळे या थांब्याचा कंटाळा करतात.

डायमंडबद्दल: पॅनियर पालाणाला त्यांच्या पट्ट्यांनी अडकतात. वर एक हलकी वळकटी, दहा किलोच्या आतली, तिच्यावर ताडपत्री आणि बॉक्स हिच नावाची साधी बांधणी, एवढ्यावर तुमची तीन रात्रींची सहल निभावते. डायमंड पुढच्या हिवाळ्यात शिका. सोफा आहेच.

खेचरवाला

तंग_तोबरा ताईंच्या वजनाच्या हिशेबाला शंभर टक्के अनुमोदन. पण डायमंड पुढच्या हिवाळ्यावर ढकलायला माझा विरोध आहे. बॉक्स हिच वरच्या वळकटीला धरतो, पण पाऊस-वाऱ्यात झाडीतून वाट काढताना ताडपत्रीचं टोक फांदीला अडकलं तर तो सैलावतो. डायमंड चारी बाजूंनी एकाच ताणात ओझं खाली आणि आत ओढतो. आणि तो वेगळा दिसतो कारण आहेच वेगळा. सिंगल, डबल, एकट्याने बांधायचा, दोघांनी बांधायचा. रिकीबराव, एकच धरा, सिंगल डायमंड, आणि एकाच माणसाकडून शिका. ढिला पडतो कारण तुम्ही शेवटी एकदाच ओढता. प्रत्येक वळणाला ताण घ्यायचा आणि तो अंगठ्याखाली धरून पुढे जायचं. सोफ्याऐवजी लाकडी घोडीवर किंवा आडव्या पिंपावर खरं पालाण ठेवून सराव करा. सोफ्याला पोट नसतं, लॅश सिंच (ओझ्याच्या दोराला जोडलेला पोटपट्टा) खालून फिरवणार कुठून?

पालाणाबद्दल थोडं जास्त. सॉबक जुनं, साधं, त्याच्या लाकडी फुल्यांना पॅनियरचे पट्टे अडकवले की काम झालं. सहसा त्याला दोन तंग असतात. डेकरला फुल्यांच्या जागी लोखंडी कडी. आयडाहोतल्या कूस्किया गावच्या डेकर बंधूंमुळे हे नाव पडलं. त्यावर हाफब्रीड नावाचं जाड कॅनव्हासचं आवरण येतं, त्यात दोन्ही बाजूंना फळी असते, म्हणजे ओझ्याचा दाब बरगड्यांवर पसरतो. डेकरवाले बहुतेक वेळा पॅनियर वापरतच नाहीत. दोन-सव्वादोन मीटरच्या कॅनव्हासमध्ये, ज्याला ते मँटी म्हणतात, सामान गुंडाळून पार्सल करायचं आणि बास्केट हिच नावाच्या बांधणीने कड्यांना टांगायचं. लांब, बेढब, कोनेदार सामान न्यायचं असेल, म्हणजे फळ्या, अवजारं, गवताचे गठ्ठे, तर डेकर. तंबू आणि डाळतांदूळ न्यायचे तर सॉबक पुरे.

आता कोणी बोललं नाही ते, ओझ्याचा घोडा ओढून न्यायचा कसा. दोर स्वतःच्या जिनाच्या मुठीला पक्का बांधू नका आणि हाताला गुंडाळू तर अजिबात नका. मागचा घोडा अचानक थांबला की बोटं जातात. दोर हातात घडी घालून धरा, सोडता आला पाहिजे. एकामागे एक घोडे जोडायचे असतील तर पुढच्याच्या पालाणामागे बारीक, ६ मिलिमीटरच्या सुती किंवा मनिला दोराचा फास ठेवतात. त्याला पिगटेल म्हणतात. मागचा घोडा कड्यावरून घसरला तर तो दोर तुटावा, पुढच्याला घेऊन जाऊ नये, एवढाच त्याचा उद्देश. लोक "तुटतो" म्हणून तिथे जाड नायलॉन लावतात. तुटण्यासाठीच तो लावायचा आहे हो!

नावावरून कळलंच असेल, माझा जीव खेचरांवर. पाय टाकताना बघून टाकतात, कमी चाऱ्यावर भागवतात, आणि एखाद्या घोडीवर जीव जडला की तिच्या गळ्यातल्या घंटेमागे जंगलभर चालत राहतात. पण खेचर तुम्हाला पारखून घेतं. पहिलंच जनावर म्हणून घेऊ नका.

तंग_तोबरा

खेचरवाले, फांदीचा मुद्दा मान्य. पण पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाने अर्धवट डायमंड बांधण्यापेक्षा पक्का बॉक्स बांधलेला बरा. वर वळकटी जितकी ठेंगणी तितकी फांदी कमी अडकते, हा माझा उपाय. पिगटेलबद्दल अगदी बरोबर लिहिलंत.

हिरवा_चारा

मी घोड्यांच्या डॉक्टरांकडे काम करते, त्यामुळे माझं लक्ष आख्त्यावर. "हल्ली कोणी बसत नाही, नुसता खातो" हे वाक्य वाचून जरा दचकले.

बसून असलेल्या घोड्याला डोंगरात ६० किलो घेऊन चालवायचं तर निदान दीड-दोन महिने आधीपासून तयारी. सुरुवातीला रिकामा, लांब चाल, मग चढ, मग रिकामं पालाण, मग हळूहळू वजन. या काळात त्याचे आकडे लिहून ठेवा. आरामात उभा असताना प्रौढ घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा तुम्हाला माहीत हवा. चढ चढून थांबलात की दहा-पंधरा मिनिटांत ठोके साठच्या खाली यायला हवेत. येत नसतील तर वेग किंवा ओझं जास्त आहे. हिरडी बोटाने दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे.

चारा एकदम बदलू नका. गोळ्या न्यायच्या असतील तर आठ-दहा दिवस आधी घरीच थोड्याथोड्या सुरू करा, नाहीतर पोटशूळ तुम्ही सोबत घेऊन निघालात असं समजा. शिवाय पश्चिमेकडच्या राष्ट्रीय वनांत बहुतेक ठिकाणी तणबीजमुक्त असा प्रमाणित चाराच नेता येतो. तो निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून खाऊ घाला, कारण पोटातल्या जुन्या गवताचं बी लिदीतून जंगलात पडतं.

पाणी दिवसाला २५ ते ४५ लिटर, उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. काही घोडे अनोळखी ओढ्याचं पाणी पहिल्या दिवशी तोंडाला लावत नाहीत. मीठ सोबत ठेवा. नाल निघायच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी ठोकून घ्या, म्हणजे खिळा चुकीचा बसला असेल तर घरीच लंगडेल. पाठीमागे वळून कुशीकडे बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, लीद टाकत नाही, अशी लक्षणं दिसली तर ओझं उतरवा आणि पुढे जाऊ नका. औषधपेटीत कुठलं वेदनाशामक किती ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, लिहून घेऊन. तिथे नेट नसतं.

रिकीब

सगळ्यांचे मनापासून आभार. ताणकाटा मागवला. पहिल्याच तोलण्यात माझी "गरजेची" बॅग एकटीच १९ किलो भरली, त्यात तीन पुस्तकं आणि कॉफी गाळायचं भलंमोठं यंत्र निघालं. यंत्र बाद. पुस्तक एक ठेवलंय, त्यावर वाद नको.

दोन गोष्टी अजून स्पष्ट नाहीत. घोड्याची सवय म्हणता ती नेमकी कशी लावायची? माझा आख्ता ताडपत्री दिसली की डोळे मोठे करतो. आणि रात्रीचं राहिलंच. पायबंद घालून सोडावेत की दावणीला बांधावेत? आमच्या भागात अस्वलं आहेत, तेही धरून सांगा.

तंग_तोबरा

डोळे मोठे करतो म्हणजे बरं आहे, निदान सांगतोय तरी. गप्प उभा राहून एकदम उडणारा जास्त त्रास देतो.

ताडपत्री त्याच्या अंगावर टाकायची घाई करू नका. आधी ती तुम्ही ओढत पुढे चाला आणि तो मागून येऊ दे. पळणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करताना घोड्याची भीती कमी होते. मग जमिनीवर पसरून तिच्यावरून चालवा. मग घडी करून मानेवर, खांद्यावर, पाठीवर घासा, दोन्ही बाजूंनी. डावीकडे शिकलेलं उजवीकडे त्याला आपोआप येतं असं समजू नका. तो श्वास सोडेल, मान खाली घालेल, तेव्हा काढून घ्या. उडाल्यावर काढलीत तर उडलं की ताडपत्री जाते, हे तो शिकला.

पुढची पायरी रिकामे पॅनियर. त्यात पेंढा किंवा जुन्या उश्या भरा, म्हणजे रुंदी येईल, वजन नाही. रुंदी हाच घोड्याला सगळ्यात उशिरा कळणारा विषय. स्वतःचं अंग जिथून जातं तिथून ओझंही जाईल असं त्याला वाटतं. पहिल्यांदा पॅनियर झाडाला घासला की त्याला वाटतं कोणीतरी पकडलं. म्हणून दोन खांबांमधून, फाटकातून, झुडपांतून त्याला पेंढ्याच्या पॅनियरसह खूप फिरवा. घासू दे, आवाज होऊ दे. काही दिवसांत तुम्हाला दिसेल की तो खांब बघून स्वतःच एक पाऊल बाहेर टाकतो. त्या दिवशी वाळूच्या पिशव्या भरायला घ्या, दोन्हीकडे तोलून, आधी पाच-पाच किलो. ब्रिचिंगच्या शेपटीखालच्या स्पर्शाचीही वेगळी सवय लावावी लागते. पट्टा पहिल्यांदा मांडीला लागला की बरेच घोडे लाथ झाडतात. उतारावर, अरुंद वाटेवर ही लाथ पहिल्यांदा अनुभवायची नसते.

रात्रीचं. मी उंच दावण बांधते आणि पायबंद फक्त चरायच्या वेळी, माणूस समोर असताना. पायबंद घातलेला घोडा पळू शकत नाही हा मोठा गैरसमज आहे. दोन्ही पुढचे पाय एकत्र उचलून तो ससा धावतो तसा धावतो, आणि सरावलेला असेल तर तुमच्यापेक्षा जोरात. पहाटे उठून रिकामं कुरण बघायचं नसेल तर तिन्ही घोडे एकदम सोडू नका. म्होरक्या घोडी बांधलेली ठेवा, बाकीचे तिच्या आसपास चरतात. पायबंदाआधी घोड्याला पायाचा ताण कळायला हवा. मऊ दोर पायात घेऊन हळू ओढा, त्याने प्रतिकार न करता पाय पुढे दिला की सोडा. हे घरच्या कुंपणात, मऊ जमिनीवर.

उंच दावण अशी: पाण्यापासून, वाटेपासून आणि तुमच्या तंबूपासून निदान ६० मीटर दूर, खडकाळ किंवा कडक जमीन. दोन जिवंत जाड झाडं, खोडाला थेट दोर नाही, रुंद पट्टे गुंडाळायचे म्हणजे साल सोलत नाही. दोर घोड्याच्या डोक्याच्या वर, दोन मीटरहून उंच, ताणून. त्यावर घोड्याघोड्यात एवढं अंतर की लाथ पोचणार नाही, आणि टोकाचा घोडा झाडापासून दूर, नाहीतर तो मुळं उकरत बसतो. मोहरकीचा दोर इतका लांब की तोंड जमिनीवरच्या चाऱ्यापर्यंत जावं, पण झोळ पडून पाय त्यात अडकू नये. गाठ ओढली की सुटणारी. कमरेला सुरी कायम, झोपतानाही हाताशी.

घोडा थेट झाडाच्या खोडाला रात्रभर बांधून ठेवू नका. सकाळी निघताना लीद पायाने पसरवा, खुरांनी पडलेले खड्डे बुजवा. जंगलवाले हे बघतात, आणि बघितलंच पाहिजे. त्यांनी कुरणं बंद केली की आपणच कुरकुरतो.

अस्वलांच्या भागात अन्न ठेवण्याचे नियम छापील असतात, ते त्या भागाच्या वनकचेरीतून घ्या. ढोबळ नियम असा की अन्न एकतर मान्यताप्राप्त अस्वलरोधक पेटीत, नाहीतर जमिनीपासून तीन मीटर उंच आणि खोडापासून सव्वा मीटर लांब टांगलेलं. ग्रिझली अस्वलांच्या प्रदेशात कुठल्या पेट्या चालतात त्याची अधिकृत यादी असते, आणि अशा कठीण पेट्या पॅनियर म्हणूनच बनवलेल्या मिळतात. घोड्याच्या गोळ्या आणि दाणाही अन्नात धरतात. लोक माणसाचं जेवण टांगतात आणि तोबरा दावणीखाली विसरतात.

तुम्ही ज्या भागात जाताय तो वाइल्डरनेस (कायद्याने राखलेलं रान) म्हणून जाहीर असेल तर १९६४ च्या कायद्यामुळे तिथे मोटरवर चालणारी यंत्रं चालत नाहीत. वाटेत झाड आडवं पडलेलं असलं तर हातकरवत, चेनसॉ नाही. म्हणून ते दहा किलोतलं वजन करवतीसाठी राखा. कळपाच्या संख्येवरही मर्यादा असते, कुठे कुठे माणसं आणि जनावरं मिळून मोजतात. तुम्ही दोन अधिक तीन, त्यामुळे बहुधा चिंता नाही, पण विचारा.

एक राहिलं. नकाशा, आगपेटी, औषधं, पावसाचा कोट, उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र हे आख्त्यावर अजिबात नको. तुमच्या स्वतःच्या अंगावर. ओझ्याचा घोडा सुटून गेला तर नेमकं हेच लागतं.

आणि तीन रात्रींच्या आधी एक रात्र अंगणात. खरोखर. पूर्ण लादून तासभर फिरवा, उतरवा, दावण बांधा, बाहेर झोपा, सकाळी परत तोलून लादा. मग एक रात्र गाडीरस्त्यापासून सहा-सात किलोमीटरवर. मग ठरवा तीन रात्री जमतील का.

खेचरवाला

प्रत्यक्ष शिकायचं असेल तर बॅक कंट्री हॉर्समेनची शाखा तुमच्या जवळ आहे का बघा. १९७३ मध्ये मोंटानात सुरू झालेली संघटना, वाटा दुरुस्त करायला जातात, आणि त्या कामावर गेलात की लादणी फुकट शिकायला मिळते, शिवाय दुसऱ्याच्या घोड्यांवर! मोंटानातच नाइनमाइलला जंगल खात्याचं जुनं घोड्यांचं ठाणं आहे, पूर्वी वणव्यांवर खेचरं पाठवायचे, तिथे लादणीचे वर्ग होतात. पण आधी शाखा. तिथे एखादे पिकलेले गृहस्थ असतातच, ज्यांना डायमंड शिकवायला कोणीतरी हवंच असतं.

रिकीब

शाखा सापडली, पुढच्या शनिवारी वाट साफ करायला बोलावलंय. करवत कोणती विचारली तर म्हणाले, तू फक्त ये.

शेवटचं एक. दोर नायलॉनचा घेऊ की मनिलाचा? दुकानात दोन्ही दिसले.

तंग_तोबरा

ओझं बांधायला मी मनिला किंवा त्यासारखा खरबरीत दोर वापरते. हातात पकड बसते, गाठ घसरत नाही. मनिला भिजला की आवळतो, वाळला की सैल पडतो. तेव्हा रात्रभर पाऊस पडून सकाळी ऊन आलं तर पहिल्या तासात दोनदा थांबून आवळा. भिजलेल्या मनिलाची गाठ सोडताना नखं जातात, म्हणून शेवटची गाठ नेहमी ओढून सुटणारी. नायलॉन उलटा, भिजला की ताणतो. तो असेल तर पावसात चालतानाच तपासत राहा. मोहरकीच्या दोराला मात्र जाड, मऊ सुती घ्या, तळहात भाजत नाही. ओझ्याचा दोर अकरा-बारा मीटरचा घ्या, नंतर कापता येतो.